मावसभावाचा रडार डिटेक्टर आणि आर्वी-नागपूर रस्ता

ठिबकच्या धंद्यात गाडीला उसंत नसते. दुकान आर्वीत, गिऱ्हाईक आष्टी, तळेगाव, कारंजा घाडगेच्या संत्रापट्ट्यात, आणि लॅटरलचे, म्हणजे ठिबकच्या नळ्यांचे, बंडल संपले किंवा फिल्टरचं सुटं सामान लागलं की नागपूर. नागपूरला जायला मला दोन वाटा आहेत. एक तळेगावला महामार्गाला लागून कोंढाळी-बाजारगाव करत जाणारी. हा कागदावर राष्ट्रीय महामार्ग ५३, आमच्या तोंडी अजून जुना सहा नंबरच. दुसरी विरूळहून समृद्धीवर चढून थेट शिवमडक्याला उतरणारी. सहा नंबरवर कधी एखाद्या झाडाच्या सावलीत इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजणारी पोलिसांची गाडी, उभी असते, समृद्धीवर १२० ची मर्यादा ओलांडायचा मोह पावलोपावली होतो. मोबाइलवर चलानाचा मेसेज न आलेला गाडीवाला आमच्या ओळखीत शोधूनही सापडायचा नाही.

त्यामुळे दिवाळीला आलेल्या मावसभावाने बॅगेतून युनिडेन कंपनीचा आर३, म्हणजे पोलिसांच्या रडार गनचा आधीच इशारा देणारा डिटेक्टर, काढून माझ्या हातात दिला, तेव्हा मी चकलीचं ताट बाजूला सारून आधी तेच बघत बसलो. तो अमेरिकेत मेरीलँडला राहतो. त्याने नवीन मॉडेल घेतलं होतं, हा पडून होता. "वापरून पाहा, पुढच्या वेळी आलो की परत दे," म्हणाला. त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या टुरिस्ट गाडीवाल्याने ऑनलाइन एक स्वस्तातलं यंत्र मागवलं होतं, दोन हजारांच्या आतलं, डब्यावर "सोळा बँड" असं ठळक छापलेलं. तेही मी काही दिवस मागून घेतलं. तिसरा गडी म्हणजे खिशातला फोन. तिघांना एकाच गाडीत बसवून रोजच्या फिरण्यात कोण कामाचा ते बघायचं ठरवलं.

मुळात हे यंत्र काही मोजत नाही, फक्त ऐकतं. पोलिसांची रडार गन रेडिओलहरी सोडते, त्या गाडीवर आपटून परत येतात, आणि गाडी जवळ येत असेल तर परत आलेल्या लहरीची वारंवारता थोडी वाढलेली असते. डॉप्लरने १८४२ मध्ये सांगितलेलंच तत्त्व. २४.१५० गिगाहर्ट्झच्या गनसमोर १०० च्या वेगाने गाडी आली तर हा फरक साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास भरतो. गन तो मोजते आणि आकडा दाखवते. डिटेक्टरला यातला फरक वगैरे मोजायचाच नसतो. ती लहर हवेत आहे का, एवढंच त्याला ऐकायचं. म्हणून गनला आपली गाडी दिसायच्या कितीतरी आधी डिटेक्टरला गन ऐकू येते. अंतर दुप्पट झालं की थेट येणारी लहर चौपट क्षीण होते, पण आपटून परत जाणारी सोळापट. सगळा फायदा या हिशेबात आहे.

पोलिसांच्या रडारचे बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, अमेरिकेत तीन. एक्स म्हणजे १०.५२५ गिगाहर्ट्झ, जो आता जवळपास मोडीत निघाला. के म्हणजे २४.१५०, आणि केए, ३३.४ ते ३६ च्या पट्ट्यात, आणि आजच्या गनांचा मोठा भाग तिथेच. युरोपात कुठेकुठे केयू सापडतो. मग सोळा कुठून आले? डबा उलटून वाचला तर लेझरचे निरनिराळे प्रकार सुटे सुटे मोजलेले, आणि वर व्हीजी-२ हेही त्यात. व्हीजी-२ हे वेग मोजायचं यंत्रच नव्हे. डिटेक्टरच्या आत लहर तयार करणारा स्वतःचा एक छोटा ऑसिलेटर असतो, त्याची लहर थोडी बाहेर गळते, आणि ती गळती पकडून कुणाच्या गाडीत डिटेक्टर आहे हे पोलिसांना सांगणारं ते यंत्र. कामाचं आहे ते अमेरिकेच्या व्हर्जिनियात, कारण तिथे डिटेक्टरला बंदी आहे. मावसभाऊ राहतो मेरीलँडला, नोकरी व्हर्जिनियात. रोज हद्द ओलांडण्याआधी तो वायर उपसून यंत्र डिकीत टाकतो, परतताना पुन्हा लावतो. वॉशिंग्टन डीसीतही बंदी आहे. जर्मनी-फ्रान्समध्येही गाडी चालवताना वापरता येत नाही. आणि लहर ऐकणाऱ्या यंत्राला जॅमरच्या पंगतीला बसवू नये. गनच्या लहरीत गोंधळ घालणारा रडार जॅमर हा आपल्याकडे सरळ गुन्हा आहे, त्याच्या जाहिराती दिसल्या तरी त्या वाटेला जाऊ नका.

आता गाडी. आर३ काचेच्या वरच्या भागात, आरशाच्या डावीकडे लावला. वर लावला की समोरचा रस्ता आणि मागची काच दोन्हीकडून त्याला उघडं मिळतं. वायपरच्या पट्ट्यामागे नको, काचेवरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्टीमागेही नको. वायर छताच्या कापडात खोचून खाली १२ व्होल्टच्या सॉकेटपर्यंत आणली. नोव्हेंबर-डिसेंबरात काही त्रास नव्हता. होळीनंतर मात्र आमच्याकडचं ऊन सुरू झालं आणि यंत्र काचेला चिकटवणाऱ्या रबरी चकत्यांनी हात टेकले. दुकानासमोर उन्हात उभी गाडी दुपारी उघडावी तर यंत्र डॅशबोर्डवर पालथं, कधी हँडब्रेकपाशी, एकदा तर थेट पाण्याच्या बाटलीवर. चकत्या बोटाला मऊ लागायच्या, काचेवर त्यांचे गोल डाग राहायचे. ओल्या फडक्याने काच पुसून, चकतीला पाण्याचा हात लावून दाबलं की पुन्हा दोन-चार तास टिकायच्या. शेवटी मी उन्हात गाडी सोडताना यंत्र काढून सीटखाली ठेवायला लागलो. तिकडे थंडीच्या देशात बसून या यंत्रांची तुलना करणारे आवाजाचं, पडद्याचं, सगळ्याचं लिहितात. मे महिन्यातल्या वर्धा जिल्ह्यात चकती टिकेल का हे कुणी लिहीत नाही.

स्वस्तातल्या यंत्राची चकती त्याहून लवकर सुटली, पण ते हलकं असल्याने आवाज कमी व्हायचा, एवढा त्याचा गुण.

ऐकण्याची परीक्षा घ्यायला खात्रीचं रडार हवं. ते सापडलं नागपूरजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीत. तिथे गेटच्या आत "तुमचा वेग" दाखवणारा सोलरवरचा फलक आहे. तो रडारवर चालतो आणि दिवसभर न थकता लहर सोडत असतो. माल उतरवायला तिकडे जाणं होतंच. आर३ ने तो वळणाच्या अलीकडूनच, फलक दिसायच्या आधी ओळखला, पडद्यावर के आणि २४.१ च्या पुढचे आकडे दाखवले, आणि जसजसा जवळ गेलो तसतसे इशाऱ्याचे टोले दाट होत गेले. हा चढता आवाज महत्त्वाचा. कान शिकतो, पडद्याकडे बघावं लागत नाही. स्वस्तातलं यंत्र फलकावरचे आकडे मला डोळ्यांनी वाचता यायला लागल्यावर बोललं, तेही एकदम पूर्ण ताकदीने. बँडचं नाव त्याने बरोबर सांगितलं हे खरं. पण उघड्या रस्त्यावर इतक्या जवळ गेल्यावर नाव कळून उपयोग काय?

दुसरं खात्रीचं ठिकाण म्हणजे आपोआप उघडणारी काचेची दारं. दुकानं-दवाखान्यांच्या अशा दारांवर बसवलेले हालचाल ओळखणारे सेन्सर बऱ्याचदा के बँडवरच असतात. धंतोलीत एका दवाखान्यासमोर गाडी लावून आईची वाट बघत बसलो होतो तर दर पेशंटमागे आर३ चिवचिवत होता. अमेरिकेत या यंत्रांचं सगळं भांडण याच गोष्टीवर आहे. तिथल्या शहरात दुकानाचं दार, शेजारच्या गाडीचं ब्लाइंड स्पॉट रडार, सगळंच के बँडवर बोंबलतं. म्हणून खोट्या इशाऱ्यांतून खरा वेगळा काढण्यासाठी लोक पैसे मोजतात. व्हॅलेंटाइन वन हे यंत्र १९९२ पासून बाणांसाठी नावाजलं आहे: लहर समोरून, बाजूने की मागून, हे ते बाणाने दाखवतं, त्यामुळे मागे टाकलेलं दार आणि समोरचा पोलीस वेगळा करता येतो. एस्कॉर्टच्या महाग यंत्रांतही बाण आहेत, शिवाय रोज त्याच जागी वाजणारं दार ती जीपीएसवरून स्वतःच लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी गप्प बसतात. आर३ ला बाण नाहीत. जागा लक्षात ठेवायची तर आपण बटण दाबून सांगावं लागतं. लांबून ऐकण्यात मात्र त्याला चांगलं नाव आहे.

ही सगळी तुलना आमच्या रस्त्यावर आणली की उलटी होते. तळेगाव ते कोंढाळी हा आर३ गप्प असायचा. इतका गप्प की पहिल्या आठवड्यात मी दोनदा वायर तपासली. महागडी नवी गाडी बाजूने गेली तर एक टिवटिव, बस्स. बाण कशाला हवेत, चुकीचे इशारे गाळायला काय आहे? शहरात नेताना संवेदना कमी करणारा सिटी मोड मी एकदाही वापरला नाही. एक्स बँड बंद केला, म्हणजे बाकीचे पट्टे चाळायला त्याला वेळ कमी लागतो. तेवढं मात्र करावं. खेड्यापाड्यात डिटेक्टर घेणाऱ्याने बाणांसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, हे माझं मत पक्कं झालं.

पण मग डिटेक्टरच का घ्यावा, हा प्रश्न त्याच शांततेतून निघाला. लोकांना चलानं तर येत होती. यंत्र वाजत नव्हतं. मग पकडतंय काय?

इथे मी एक सोपं काम केलं. ओळखीच्या ज्यांना ज्यांना वेगाचं चलान आलं होतं त्यांना म्हटलं, पैसे भरले असतील तरी चलानातला फोटो पाठवा. तंबाखू मळणाऱ्या मंडळींपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांनी पाठवले. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे तर अल्बमच होता. फोटो मोठे करून बघितले तेव्हा महामार्गावरच्या जवळपास सगळ्यांत एकच गोष्ट: गाडीच्या नाकावर, नंबरप्लेटच्या आसपास, बारीक फुली किंवा गोल निशाणी, आणि कोपऱ्यात वेगाशेजारी अंतर मीटरमध्ये. नेम धरलेला आणि अंतर मोजलेलं आहे, म्हणजे ती लेझर गन. रडारची चित्रं अशी नसतात.

लेझर गन डॉप्लरवर चालतच नाही. ती डोळ्यांना न दिसणारे ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचे इन्फ्रारेड ठोके सोडते, प्रत्येक ठोका जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते, आणि ते अंतर किती झपाट्याने कमी होतंय त्यावरून वेग. साधारण एक तृतीयांश सेकंदात काम होतं. रडारचा पसारा कंदिलाच्या उजेडासारखा, ३०० मीटरवर साठेक मीटर रुंद, सगळा रस्ता आणि बांधावरची तूरही त्यात येते. लेझर म्हणजे बॅटरीचा झोत, त्याच अंतरावर जेमतेम मीटरभर. तो झोत नंबरप्लेटवर धरला असेल तर वर काचेला चिकटवलेल्या यंत्रापर्यंत पोहोचायचं कारणच नाही. आणि पोहोचला, यंत्र वाजलं, तर समजायचं की आपलाच नेम धरला होता आणि आकडा कधीच उतरून गेला. डिटेक्टरवर लेझर हा शब्द लिहिलेला असतो, त्याचा अर्थ एवढाच.

हे पुस्तकी झालं. तळेगाव आणि तिवस्याच्या मधे एकदा समोर इंटरसेप्टर दिसली. मी ऐंशीवर होतो, त्यामुळे छाती धडधडायचं कारण नव्हतं. माझ्यापुढे दोन मालट्रक. आर३ एकदा कर्कश ओरडला आणि थांबला. ट्रकवर आपटून विखुरलेला झोत असणार. स्वस्तातलं यंत्र शांत. पुढे चहाच्या टपरीवर थांबलो तर तिथलाच एक हवालदार पाणी प्यायला आला आणि काचेतलं यंत्र बघून जवळ आला.

"हे का होय, भाऊ?"

"रडार ओळखते म्हणतात," मी म्हटलं.

तो हसला. "आमच्या गनमंदी रडार नाही, लेझर हाय. त्याले हे का करन?" मग वर म्हणाला, "तुमी ऐंशीवर होते. मी पायलं."

त्याने गाडीतली यंत्रसामग्री लांबूनच दाखवली: गन, दारू तपासायचं ब्रेथ अ‍ॅनालायझर, काचेच्या फिल्मचं माप घेणारं टिंट मीटर. गनमधून बघितलं की समोर लाल ठिपका दिसतो, तो नंबरप्लेटवर ठेवायचा आणि चाप ओढायचा, की फोटोसकट सगळं गनमध्ये. "मंग चलान आपोआप जाते," म्हणाला. दोन कट चहाचे पैसे मी दिले, त्याने नको नको म्हटलं.

ठरावीक जागी बसवलेल्या कॅमेऱ्यांचं गणित आणखी वेगळं. काहींत रडार असतं, तिथे चांगला डिटेक्टर वाजेलही. पण जिथे दोन खांबांवर नंबरप्लेट वाचून मधल्या अंतराला मधल्या वेळाने भागतात, तिथे हवेत ऐकण्यासारखं काहीच नसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून वाहतुकीवर नजर ठेवणारी जी यंत्रणा आली तिच्यात सरासरी वेगाचा असा हिशेब आहे. टोलरस्त्यावर तर चढल्याची आणि उतरल्याची वेळ नोंदलेलीच असते. साठ किलोमीटर पंचवीस मिनिटांत कापले तर सरासरी १४४ होते, आणि हा भागाकार चौथीतलं पोरगंही करतं. कॅमेरा दिसला की ब्रेक, गेला की पुन्हा पाय, ही पद्धत इथे चालत नाही.

शिवाय बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी यंत्राची गरजच काय? केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ च्या ऑगस्टमध्ये १६७अ हा नियम आला. त्यानुसार असा कॅमेरा असलेल्या पट्ट्याच्या आधी सूचना देणारे फलक ठळक लावावे लागतात, यंत्राला दरवर्षी मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी लागते. चलान आलं की आधी तारीख, जागा आणि फोटोतली गाडी आपलीच आहे का हे बघावं. आमच्यातले निम्मे लोक रक्कम बघून शिवी देतात आणि बंद करतात. कायद्यात मोटारीसाठी वेगाचा दंड हजार ते दोन हजार आहे, मध्यम-जड वाहनाला दोन ते चार हजार. ट्रान्सपोर्टवाल्याचा अल्बम का फुगला होता ते कळलं.

फोनची परीक्षा या सगळ्यात सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत फायद्याची ठरली. गुगल मॅप्सवर रस्त्याची वेगमर्यादा आणि पुढचा कॅमेरा दिसतो, चालता चालता आपला वेगही. मॅपल्स या नकाशाच्या अ‍ॅपवर कॅमेऱ्याचे इशारे आहेत. आर३ मध्येही कॅमेऱ्यांची यादी भरून येते, पण ती अमेरिका-कॅनडाची. कारंजा घाडग्याचा त्यात ठिकाणा नाही. म्हणजे चारशे डॉलरच्या आसपास किमतीचं यंत्र ज्या गोष्टीत कोरं, ती गोष्ट फोन फुकटात देतो. उणीव एकच, आणि ती आमच्याकडे मोठी आहे. बोर प्रकल्पाच्या बाजूच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क जातं, आणि कुणीतरी दहा मिनिटांपूर्वी नोंदवलेली "पुढे पोलीस" ही खबर तिथे पोहोचत नाही. गावाजवळच्या मर्यादाही नकाशात आणि प्रत्यक्ष फलकावर कधी वेगळ्या दिसतात. अशा वेळी फलक खरा.

फोन स्टँडवरच हवा. हातात धरून बघायला गेलात तर वेगाचं नाही, दुसरंच चलान येतं.

एक गोष्ट आर३ आणि फोनने मिळून दाखवली जी मला कुणी सांगितली नव्हती. गाडीचा काटा खोटं बोलतो. समृद्धीवर काटा शंभरावर धरून ठेवला की आर३ चं जीपीएस पंचाण्णव दाखवायचं, फोनही पंचाण्णव-शहाण्णव. कंपन्या काटा मुद्दामच थोडा पुढे ठेवतात, कारण नियमाने तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त दाखवला तर चालतो. टायर झिजला की घेर कमी होतो, फरक आणखी वाढतो. म्हणजे काट्यावर मर्यादा पाळणारा माणूस मुळातच चार-पाच किलोमीटर आत असतो. हे कळल्यावर मी जरा निवांत झालो.

आणि रोज ऐकू येणारी पण कुणी न ऐकणारी सोय म्हणजे गाडीतली बीप. जुलै २०१९ पासून आपल्याकडे बनणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे: ८० ओलांडले की मधूनमधून, १२० ओलांडले की सलग. लोक ती बंद करायला मेकॅनिककडे जातात. माझ्याही गाडीत आहे. आष्टीच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराला मी कारंज्याला सोडत होतो, तर बीप आणि डिटेक्टर दोन्ही लागोपाठ वाजले.

"कोन्त्या पोलिसाचं गानं वाजून रायलं रे बाबू?" काकांनी विचारलं.

"पहिलं गाडीचं, काका. दुसरं त्या पांढऱ्या गाडीचं."

"मंग पोलिसाचं कधी वाजते?"

सांगायला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, मी खिडकी खाली केली.

कापसाच्या दिवसांत आर्वी-तळेगाव रस्त्यावर रात्री यायचं म्हणजे खरी धास्ती पोलिसांची नसते. गाठी-बोंद्यांनी फुगलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीत बुजलेला. डिपर मारल्यावर दिसते तेव्हा अंतर थोडं उरलेलं असतं. रोही, म्हणजे नीलगाय, एकटा उडी मारत नाही, एक गेला की दुसरा येतोच, म्हणून पहिला गेल्यावर वेग वाढवायचा नाही, हे इथला प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. सत्याग्रही घाटात उतारावर ट्रकचे ब्रेक तापून येणारा जळका वास नाकालाच ओळखावा लागतो. रात्रीच्या त्या टप्प्यात मी डिटेक्टरची वायर काढून ठेवायचो, कारण त्याचा हिरवा-निळा पडदा काचेत उमटायचा आणि नजर तिकडे जायची. पडद्याचा उजेड कमी करता येतो, पण कमी केला तरी अंधाऱ्या रस्त्यावर तो नको वाटतो.

उन्हाळ्यात स्वस्तातलं यंत्र मालकाला परत केलं. त्याला लेझरचं सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "राहू द्या भाऊ, पॅसेंजरले बरं वाटते," आणि पुन्हा काचेवर चिकटवलं. आर३ डब्यात घालून मावसभावाची वाट बघत कपाटात आहे. तो ज्या रस्त्यावर चालवतो तिथे रडार गन अजून भरपूर आहेत, तिथे तो यंत्राचे पैसे वसूल करतो. त्याचं काही चुकलेलं नाही. माझ्या गाडीत फोनचा स्टँड राहिला, त्यावर नकाशा, आणि बीप जशीच्या तशी.

मी तुलना करतोय ही बातमी कशी कोण जाणे पुसदच्या एका ओळखीच्या दुकानदारापर्यंत गेली. परवा फोन आला. "दादा, मले एक चांगला डिटेक्टर सांगा, पैशाचं पाहून घेऊ. तीन चलानं आली." मी म्हटलं, आधी चलानांचे फोटो पाठव, मग बोलू.

त्याने पाठवले. तिन्ही सीटबेल्टची होती.